बुरुजाच्या दारानं

कोल्हापुरात दोन माणसं भेटली की तिसरा विषय फुटबॉलचा निघतो. पण त्या वर्षी दगडी मैदानाचं काय करायचं, यावरून सख्खे भाऊही एकमेकांशी बोलेनासे झाले होते. एका बाजूला नवं स्टेडियम होतं: शहराबाहेर, हायवेला लागून, वर पांढरं छत, गाड्या लावायला माळभर जागा आणि चारी अंगांना रुंद दारं. दुसऱ्या बाजूला आपलं जुनंच मैदान, पण वाढवलेलं. दगडी पायऱ्या तशाच ठेवायच्या आणि त्यांच्या डोक्यावर पोलादी खांबांचा आणखी एक मजला चढवायचा. निवड लोकांनी करायची होती, आणि ती डोळसपणे करता यावी म्हणून मैदानाशेजारी मांडव घालून त्यात एक यंत्र आणून बसवलं होतं.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला ‘जुळं’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. त्याला जोडलेला चष्मा डोळ्यांवर चढवला की माणूस थेट मैदानात जाऊन बसायचा. मान वळवावी तिकडे गर्दी, हलगीचा कडकडाट, भाजक्या शेंगांची टरफलं. एक बटण दाबलं की नवं स्टेडियम, दुसरं दाबलं की वाढवलेलं जुनं मैदान. दोन्ही अजून बांधायची होती, पण जुळ्यात ती बांधून झाली होती.

जुळं चालवायला शलाका माने होती. जन्म पागा पेठेतला, शिक्षण गर्दीच्या शास्त्राचं, नोकरी यंत्र बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत. ‘लोकल पोरगी आहे, लोकांची भाषा कळते’ म्हणून कंपनीने तिला पाठवली होती. लोकल पोरीला लोकांची भाषाच काय, शिव्याही कळत होत्या, आणि मांडवात त्या भरपूर कानावर पडत होत्या.

“ह्यो स्टेडियम न्हवं, इमानतळ हाय!” चष्मा काढत दिगूमामा सुतार म्हणाले. पागा तालमीच्या फुटबॉल संघाचे हे सगळ्यात जुने समर्थक; आवाज असा की रेफ्री पंचगंगेपलीकडे असला तरी ऐकू जावा. “खेळाडू मुंगीएवढा दिसतोय. शिवी द्यायची म्हटली तर पोस्टानं धाडाय पायजे.”

“मामा, तुमचं काय जातंय?” मागून एक कॉलेजातली मुलगी म्हणाली. “तुमच्या दगडी मैदानात बायकांना साधं जायला बाथरूम न्हाई. उन्हात टाळकं तापतंय. तिकडं छत हाय, खुर्ची हाय.”

“खुर्चीत बसून कोण मॅच बघतंय व्हय? खुर्ची लग्नात असती.”

मांडव हसला. मतं मात्र मुलीच्या बाजूनेही पडत होती. पहिल्या आठवड्यात तर नवं स्टेडियम पुढेच होतं. मग लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि सगळं फिरलं.

जुळ्यातली गर्दी काल्पनिक नव्हती. गेल्या कितीतरी हंगामांत लोकांनी फोनवर काढलेले हजारो व्हिडिओ कंपनीने गोळा केले होते. त्यांतून यंत्राने एकेक माणूस चालीवरून, आवाजावरून, हात उडवायच्या तऱ्हेवरून वेगळा काढला होता. जो ज्या पायरीवर वर्षानुवर्षं बसला, त्याला त्याच पायरीवर बसवलं होतं. त्यांतलं आता कोण हयात आहे आणि कोण नाही, हे यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे जुन्या मैदानाचं बटण दाबलं की गावाची गेलेली माणसंही पायऱ्यांवर येऊन बसत. नव्या स्टेडियममध्ये कधीच कुणी बसलं नव्हतं. तिथे यंत्राने कुणाचेच नसलेले लोक भरले होते, दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यांसारखे नीटनेटके.

मग काय विचारता! म्हाताऱ्या बायका रांगा लावू लागल्या.

त्या रांगेत शलाकाची आई विमलही होती. तिचा रणजित, शलाकाचा धाकटा भाऊ, चार वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेला होता. तो जिवंत असताना विमल एकदाही मैदानात गेली नव्हती. तिच्या वयाच्या बायका जात नसत. शेजाऱ्यांच्या गच्चीवरून आरडाओरडा ऐकायचा आणि गोल कुणी केला ते पोरगं घरी आल्यावर त्याच्या तोंडावरून ओळखायचं, एवढंच तिचं फुटबॉल. आता तिने चष्मा लावला, आणि कडुनिंबाकडच्या कोपऱ्यात, वरून तिसऱ्या पायरीवर, पागेचा पिवळा-काळा झेंडा घेऊन रणजित उभा होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.

“केवढ्यांदा बोंबलतोय गं,” ती म्हणाली. “म्हणून घरी आला की ह्याचा आवाज निघायचा न्हाई.” आणि ती रडायला लागली, पण चष्मा काही काढेना.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी यायची. डबा घेऊन यायची. शलाकाला ते बघवत नव्हतं आणि थांबववतही नव्हतं, कारण रांग संपल्यावर ती स्वतःही त्याच पायरीवर जाऊन बसायची.

निकाल लागला की ज्या मैदानाला मतं जास्त, त्याचं जुळं कायम राहणार होतं. बांधकाम झाल्यावर तेच जुळं मैदानाच्या नियंत्रण खोलीत बसणार आणि दर सामन्याची गर्दी सांभाळणार. दुसरं पुसून टाकायचं, असा करार होता. म्हणजे नवं स्टेडियम जिंकलं असतं, तर रणजित दुसऱ्यांदा गेला असता.

पण नुसत्या मतांनी भागणार नव्हतं. दोन्ही आराखड्यांना एक परीक्षा द्यायची होती: भरलेलं मैदान अचानक रिकामं करायची. गर्दीचं शास्त्र सोपं आहे आणि भयंकर आहे. माणसं सुटी असतात तोवर माणसासारखी वागतात. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात जण दाटले की माणूसपण संपतं आणि पाण्याचे नियम लागू होतात. मग गर्दीत लाट उठते. तुमचे पाय कुठे जाणार हे तुम्ही ठरवत नाही. तुडवून मरणारे थोडे, उभ्या-उभ्या श्वास कोंडून मरणारे जास्त. म्हणून जुळं आधीच गर्दी उठवून बघायचं, ती कोणत्या दाराला किती ओढीने जाते ते मोजायचं आणि कुठे दाटते ते सांगायचं.

दगडी मैदानाला दोनच दारं. पश्चिमेचं पागा पेठेत उघडायचं, पूर्वेचं बुरुज पेठेत. आजूबाजूला घरं खेटून असल्यामुळे तिसरं दार पाडायला जागा नव्हती.

परीक्षेच्या दिवशी आई चष्मा लावूनच बसली होती. शलाकाने भोंगा वाजवला. पायऱ्या उठल्या, निम्मी गर्दी पश्चिमेला वळली, निम्मी पूर्वेला, आणि बघता बघता मैदान सुरळीत रिकामं झालं. झेंडा खांद्यावर टाकून रणजितही निघाला. पूर्वेकडे. बुरुजाच्या दारानं. हसत.

“गेला!” आई टाळी वाजवून म्हणाली. “शलाके, बघितलंस का? माझं पोरगं माझ्या माहेराकडनं गेलं! दादाच्या बोळातनं गेलं!”

विमलचं माहेर बुरुजातलं. आणि हयातभर रणजितने मामाच्या त्या बोळात पाऊल टाकलं नव्हतं.

ही भानगड सांगायला हवी, कारण ती कोल्हापूरबाहेर कुणाला खरी वाटणार नाही. फार वर्षांपूर्वी बुरुज तालमीने पागा तालमीला फायनलमध्ये हरवलं. हरलेले समर्थक चुकून पूर्वेच्या दाराने बाहेर पडले. बुरुजवाल्यांनी त्यांना मारलं नाही, एक वावगा शब्द काढला नाही. बोळाच्या दोन्ही बाजूंना तांबे घेऊन ते उभे राहिले आणि प्रत्येकाच्या हातात लिंबू सरबताचा पेला दिला. “दमला असाल, घ्या. लई पळवलं आमच्या पोरांनी.” मार खाल्ला असता तर पागेवाले विसरले असते. सरबत विसरले नाहीत. तेव्हापासून पागेचा माणूस बुरुजाच्या दारानं बाहेर पडत नाही. शब्दप्रयोगच झाला तो: कुणाचा धंदा बसला, कुणाचं लग्न मोडलं, की लोक म्हणायचे, “गेला बुरुजाच्या दारानं.” कोल्हापुरात या सगळ्याला एकच शब्द आहे, ईर्षा, आणि तो इथे शिवी म्हणून नव्हे, कौतुकाने वापरतात.

रणजितची ईर्षा तर वस्ताद होती. मामेबहिणीच्या लग्नाला तो बोळाच्या तोंडाशी उभा राहिला, तिथूनच अक्षता फेकल्या आणि परत आला. मामा वर्षभर बोलले नव्हते.

तेव्हा त्या दाराने हसत जाणारा तो मुलगा रणजित नव्हता. शलाकाने यंत्राचे नियम उघडून बघितले. सामन्यांनंतरचे व्हिडिओ फारसे नव्हतेच. उठून निघताना कोण कशाला फोन काढतोय? म्हणून बाहेर पडायचा नियम यंत्राने जगभरच्या गर्दीवरून घेतला होता: माणूस जवळच्या, मोकळ्या दाराने जातो. जग जात असेल. पागा जात नाही.

यंत्रात दुरुस्तीची सोय होती. प्रत्येक गटाला प्रत्येक दारासाठी एक ‘नकार’ आकड्यात ठरवून देता यायचा. आई घरी गेल्यावर शलाकाने पागेच्या समर्थकांना पूर्वेच्या दाराचा नकार भरला आणि पुन्हा भोंगा वाजवला.

या वेळी रणजित बरोबर वागला. त्याने पूर्वेच्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही. तो आणि त्याच्याबरोबर पागेचे सगळे पश्चिमेला लोटले. वरच्या नव्या मजल्याचा जिना नेमका त्याच बाजूला उतरत होता. जिन्याच्या पायथ्याशी दाटी दाखवणारा रंग पिवळा झाला, मग लाल, मग काळपट. पूर्वेचं दार उघडं होतं, रिकामं होतं. जिन्याखालची माणसं हलायची थांबली होती.

शलाकाने चष्मा काढला. हा आकडा ठेवला तर जुनं मैदान परीक्षेत नापास होणार, नवं स्टेडियम बांधलं जाणार आणि जुळं पुसलं जाणार. आकडा काढला तर रणजित राहणार. खोटा, पण राहणार.

तिने स्वतःला पुष्कळ समजावलं. आग लागल्यावर कोण ईर्षा करत बसतंय? जीव वाचवायच्या वेळी माणूस दार बघतो, दार कुणाचं ते बघत नाही. ही जुन्यांची थेरं, नवी पोरं काही मानत नाहीत. यातलं एकही वाक्य तिला पटत नव्हतं. तिने नकार शून्य केला.

पुण्याहून तिच्या वरिष्ठ प्राची देवस्थळी यांचा फोन आला. “शलाका, रिझल्ट छान आहेत. तिथल्या काही खास सवयी वगैरे असतील तर तू घातल्याच असशील. आम्हाला इथे बसून काय कळणार?”

“हो मॅडम.”

अस्लम मुजावरला फसवणं मात्र इतकं सोपं नव्हतं. अस्लम बुरुज पेठेतला. शाळेत दोघं एका बाकावर होते. मैदान समितीने सुरक्षेचं काम त्याच्याकडे दिलं होतं. तो मांडवात आला, खुर्ची उलटी करून बसला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

“शले, एक खरं सांग. तुमची लोकं आमच्या दारानं जात न्हाईत. मशिनला म्हाईत हाय का ते?”

“हाय की.”

“घातलंयस?”

“घातलंय म्हटलं ना. तुला काय वाटतंय, मी पागेची न्हाई?”

अस्लम हसला. “मग झालं. तुझ्यावर इस्वास हाय म्हणून इचारलं.”

शलाका त्याच्या तोंडाकडे बघू शकली नाही. बाहेर हलगी वाजत होती, आणि ती ऐकतेय असं तिने दाखवलं.

जुनं मैदान जिंकलं. दिगूमामांनी पेढे वाटले, ‘दगडी मैदान झिंदाबाद’ म्हणून मिरवणूक निघाली, गुलाल उधळला. वरचा मजला चढायला पुढचा उन्हाळा उजाडला. जुळं नियंत्रण खोलीत बसलं, आणि उद्घाटनाला दुसरी कुठली मॅच असणार? पागा विरुद्ध बुरुज.

“आज मी मैदानात जातो,” आई सकाळीच म्हणाली. आमच्याकडे बायाही ‘जातो’च म्हणतात.

“आई, गर्दी असणार. माझ्याबरोबर खोलीत बस.”

“खोलीत बसून काय बघू? त्याची पायरी ठाव हाय मला. कडुनिंबाकडं, वरनं तिसरी. एकदा खरोखरचं बसतो तिथं.” तिने पिवळी साडी नेसली होती आणि रणजितचा झेंडा घडी घालून पिशवीत ठेवला होता. साठीची बाई शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी दिसत होती.

शलाकाने तिला जाऊ दिलं. नाही म्हणायला तिच्याकडे सांगता येण्याजोगं कारण नव्हतं.

ऊन कडक होतं. पूर्वेच्या दाराशी बुरुजाच्या पोरांनी पाण्याची पिंपं मांडली होती, हातात तांबे घेतले होते. अस्लमनेच सांगितलं होतं तसं. मनात वाईट काही नव्हतं, उन्हाळा होता इतकंच. कॅमेऱ्यात ते तांबे दिसले तेव्हा शलाका उठून उभी राहिली. अस्लमला सांगून ते हलवायला हवेत, असं तिच्या मनात आलं. पण का, असं त्याने विचारलं तर? यंत्राला सगळं माहीत आहे, मग तांब्यांची भीती कशाला? ती परत खाली बसली.

सामना संपत आला तेव्हा एक-एक बरोबरी होती. वरच्या मजल्याखाली एका वायरीने पेट घेतला. आग फुटबॉलएवढीही नव्हती. एका माणसाने वाळूची बादली ओतून ती विझवली, आणि त्या दिवशी आगीचा कुणाला चटकाही बसला नाही. पण धूर काळा होता आणि मजला नवा होता. भोंगा वाजला. जुळ्याने पडद्यावर हिरवे बाण काढले: निम्मे पश्चिमेला, निम्मे पूर्वेला.

पागेचे लोक पायऱ्या उतरले. पूर्वेचं दार जवळ होतं, उघडं होतं. दारात बुरुजाची पोरं तांबे घेऊन उभी होती.

गर्दी थबकली. पुढच्यांनी तांबे बघितले आणि ते मागे वळले. मागचे आपोआप वळले.

“अरे या की!” अस्लम कर्ण्यातून ओरडत होता. “कोण काय म्हणणार न्हाई! आईची शपथ, कोण काय म्हणणार न्हाई! हिकडनं या!”

“तुझं सरबत तूच पी!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि एवढ्या धुरातही लोक हसले. त्या हसण्याचा आवाज नियंत्रण खोलीत नीट ऐकू आला. मग वरच्या मजल्याचा जिना भरून आला आणि ते हसणं बंद झालं.

शलाका माईकवर ओरडली, नावं घेऊन ओरडली. तिला कडुनिंबाच्या कोपऱ्यात पिवळी साडी दिसली. आई पायऱ्या उतरत होती आणि सगळ्यांच्या उलट, एकटीच, पूर्वेकडे निघाली होती. आपलं पोरगं याच दाराने हसत जाताना तिने पाहिलं होतं. ते दार तिच्या माहेराचं होतं. ती हात हलवून लोकांना बोलावत होती. तिचा आवाज मैदानातल्या माईकला लागला नाही, पण ती काय म्हणत असेल ते शलाकाला कळत होतं: चला, माझ्या दादाचा बोळ हाय, चला.

लाट आली आणि पिवळी साडी दिसेनाशी झाली.

मेलेल्यांत दोन्ही पेठांचे लोक होते. बुरुजाची काही पोरं तांबे टाकून माणसं ओढायला आत घुसली होती, ती परत आली नाहीत. दिगूमामा जिन्याखाली उभेच सापडले. त्या आठवड्यात कोल्हापुरात कुणी फुटबॉलवर बोललं नाही.

अस्लम तेराव्याला आला. विमलचा मृतदेह त्यानेच बाहेर काढला होता, पूर्वेच्या दारातून. तो उंबऱ्यातच बसला. मग हळू म्हणाला, “मी इचारलं होतं की गं तुला.”

तो उठून गेला आणि नंतर कधी भेटला नाही.

चौकशी बसली तेव्हा तिने काही लपवलं नाही. नकार शून्य मीच केला, मला माहीत होतं, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. चौकशी समितीतल्या एका गृहस्थांना वाटलं, दुःखाने ही बाई दोष स्वतःवर ओढून घेते आहे. त्यांनी सांगितलं, त्या दिवसाचं सगळं चित्रीकरण आता यंत्रात गेलं आहे, ते आपोआप शिकलं आहे. एकदा चालवून दाखवा म्हणजे पुढचं ठरवता येईल.

शलाकाने चष्मा लावला. पायऱ्या भरलेल्या होत्या. कडुनिंबाकडे, वरून तिसऱ्या पायरीवर रणजित झेंडा नाचवत होता, आणि त्याच्या शेजारी पिवळ्या साडीत आई बसली होती. यंत्राने तिला त्याच्याजवळ जागा दिली होती. ती त्याच्याकडे बघून हसत होती.

“भोंगा वाजवा,” मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वाजवला. पूर्वेच्या दारात तांबे दिसले. रणजितने ते बघितले, तोंड वेंगाडलं आणि पाठ फिरवली. अगदी तसाच, बोळाच्या तोंडाशी अक्षता फेकून परत फिरताना दिसला होता तसा. यात आता काही खोटं उरलं नव्हतं. तो शंभर टक्के तिचा भाऊ होता. तो पश्चिमेच्या गर्दीत शिरला, आणि त्याच गर्दीतून वाट काढत आई पूर्वेकडे निघाली, हात हलवत, सगळ्यांना बोलावत.

पायऱ्यांच्या मधोमध दोघं समोरासमोर आले. मागून लाट येत होती. आईने त्याच्याकडे हात केला. रणजितने तिला ओळखलं नाही. यंत्राला त्यांचं नातं कुणी सांगितलं नव्हतं. खांद्याने तिला बाजूला सारून तो पुढे गेला.

“पुन्हा एकदा चालवा,” समितीतले गृहस्थ म्हणाले. “नीट दिसलं नाही.”